नगर जिल्ह्यात वेबची विद्या कशी रुजली

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव त्यांच्या जन्मजिल्ह्याला मिळाले आणि कचेऱ्यांच्या पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलायचे मोठे काम सुरू झाले. संकेतस्थळेही त्यातून सुटली नाहीत. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ 'एसथ्रीवास' नावाच्या चौकटीवर चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, शासकीय कार्यालयांसाठी ती चौकट तयार केली आहे. ब्राउझरमध्ये तिथले एखादे पान उघडून त्याचा सोर्स पाहिला, तर फायलींच्या पत्त्यांत 'डब्ल्यूपी-कंटेंट' ही अक्षरे पुन्हा पुन्हा दिसतात. ही वर्डप्रेसची खूण. सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचा सरकारी चेहरा अशा सॉफ्टवेअरवर उभा आहे, जे कुणालाही फुकट उतरवून घेता येते, उघडून वाचता येते आणि हवे तसे बदलता येते.

अशा सॉफ्टवेअरला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम किंवा नुसते सीएमएस म्हणतात. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही त्यातली तीन मोठी नावे, आणि तिन्ही मुक्त स्रोत. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या बाजारपेठांत आज वेबसाइट करून देणारे जे तरुण भेटतात, त्यांतल्या पुष्कळांची विद्या यांतल्याच एखाद्या सीएमएसवर घडली आहे. ती कोणत्या एका संस्थेने आणली नाही, तिचे उद्घाटनही कुणी केले नाही. मराठी अक्षर पडद्यावर नीट दिसावे एवढ्या गरजेपोटी लोकांनी कोड उघडला, आणि कोड उघडा होता म्हणूनच त्यांना तो शिकता आला. या इतिहासाचा गाभा एवढाच आहे, पण त्याची मुळे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला आपले ठाणे मांडले. १८४२ मध्ये याच गावात 'ज्ञानोदय' सुरू झाले. मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांपैकी ते एक. काही वर्षांनी ते मुंबईला गेले, पण जन्म नगरचा. मिशनचा छापखाना मुंबईत होता आणि तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरीचे खिळे घडवून घेत होते. सुबक खिळ्यांसाठी तो छापखाना नावाजला होता. याच कारखान्यात जावजी दादाजी नावाचा मुलगा पोरवयात टाइप घासण्याच्या कामाला लागला. शिक्षण जवळजवळ नव्हतेच. खिळा हातात घेऊन, तो कसा ओतला जातो, कुठे बिघडतो, कसा दुरुस्त होतो हे पाहत पाहत तो कारागीर झाला आणि १८६९ मध्ये त्याने निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या देखण्या छपाईसाठी निर्णयसागरचे नाव पुढे देशभर झाले.

जावजींना ही विद्या मिळाली, कारण कारखान्याचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. बाकीच्यांना ती मिळत नव्हती. अक्षर तयार करण्याचे तंत्र पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मोजक्या फाउंड्र्यांच्या हाती राहिले. जिल्ह्याच्या छापखान्यांत कंपोझिटर खिळे जुळवत, खिळे घडवत नसत. झिजलेला खिळा बदलायचा तर मुंबई-पुण्याकडे मागणी नोंदवावी लागे.

टंकयंत्र आले तेव्हाही हेच झाले. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ किंवा बाजारपेठेत माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट असायची. सकाळपासून खटखट सुरू. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट' ही अट असे, म्हणून दहावी-बारावीनंतरची मुले-मुली तिथे बोटे चालवत. यंत्राची कळ कुठे, हे शिकवले जाई. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे शिकवण्याची गरजच नव्हती. तरी या माड्यांचे मोल कमी लेखू नये. जिल्ह्यातली पहिली संगणक पिढी याच माड्यांवरून आली. नव्वदीच्या दशकात टंकयंत्राशेजारी एखादा संगणक येऊन बसला आणि इन्स्टिट्यूटचे डीटीपी सेंटर झाले. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, पतसंस्थेचे पासबुक, ग्रामपंचायत निवडणुकीची पत्रके या कामांवर ती सेंटर्स चालली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांची नावे तिथल्या ऑपरेटरांच्या तोंडी पाठ होती.

पुढचे दुखणे याच फॉन्टांनी उभे केले.

संगणकाला अक्षर आकड्यांत समजते. इंग्रजीसाठी कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे जगाने फार पूर्वी ठरवले होते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झाले. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठे काम केले. पण बाजारातल्या बहुतेक फॉन्टांनी वेगळी वाट धरली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांवर त्यांनी देवनागरीची चित्रे बसवली. कागदावर छापायचे असेपर्यंत काही बिघडत नव्हते. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असल्याने वाचकाने आधी तो उतरवून घ्यावा अशी सूचना मुखपृष्ठावरच असे. असे मराठी शोधयंत्राला शोधता येत नव्हते. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच.

यावर खरा उपाय होता युनिकोड. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत त्यात देवनागरी आली, आणि तिची मांडणी इस्कीवरून घेतली होती. प्रत्यक्ष टेबलावर यायला आणखी जवळजवळ नऊ वर्षे गेली. विंडोज २०००बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी, मराठी कवी आणि सुलेखनाचे थोर शिक्षक. आज लाखो मराठी माणसे शासकीय कागद ज्या अक्षरात वाचतात, त्यामागे त्यांचा हात आहे, आणि ते फारसे कुणाला ठाऊक नसावे याची खंत वाटते. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय मुळातच चालू नसे. सीडी घालून, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बसवावी लागे. सायबर कॅफेत ती सीडी मिळेलच असे नव्हते.

टायपिंगच्या माडीवर शिकलेल्यांपुढे आणखी एक अडचण होती. टंकयंत्रावर पहिली वेलांटी आधी उमटवायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी, कारण उच्चारात ती नंतर येते. वर्षानुवर्षे बसलेली बोटांची सवय मोडायची होती. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आले. ते आकड्यांची अदलाबदल करता करता नेमके या वेलांटीपाशी आणि रफारापाशी अडखळत. शिवाय मराठीचे स्वतःचे असे काही हट्ट होते. 'दऱ्या'मधला अर्धा र, म्हणजे पापणीसारखा र, अनेक ठिकाणी नीट उमटत नसे. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर अ आणि वरचा चंद्र जोडून काम भागवले जाई, आणि तशी जोडलेली अक्षरे आजही जुन्या पानांवर नव्या अक्षरांशेजारी नांदताना दिसतात.

छोट्या गावातल्या वेब डेव्हलपरचे पहिले काम बहुधा हेच असे. कॉलेज किंवा पतसंस्था श्रीलिपीतल्या फायली आणून देई आणि म्हणे, एवढे वेबसाइटवर टाका. त्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या, मोडलेली जोडाक्षरे हाताने दुरुस्त करायची आणि मग पान बांधायचे.

२००३च्या मे महिन्यात दोन गोष्टी घडल्या. १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच प्रोग्रामरने 'बीटू' नावाचे एक सॉफ्टवेअर लिहून मध्येच सोडले होते. ते मुक्त परवान्याखाली असल्याने अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ते उचलले आणि पुढे नेले. त्याआधी, १५ जानेवारी २००१ रोजी, बेल्जियमच्या ड्रिस बायटार्ट या विद्यार्थ्याने ड्रुपल खुले केले होते. जूमला २००५ मध्ये 'मॅम्बो' नावाच्या सीएमएसपासून फुटून निघाले. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेली, तिन्हींचा मजकूर सहसा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहणारा. पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही मुक्त, दोन्ही १९९५च्या सुमारास जन्मलेली. होस्टिंग कंपन्या ती दोन्ही स्वस्तात पुरवत, त्यामुळे हातात फारसे पैसे नसलेल्या माणसालाही संकेतस्थळ थाटता येऊ लागले.

या सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो लिहिला. त्याची दुसरी, सर्वाधिक रूढ आवृत्ती १९९१ची. प्रोग्राम कशासाठीही वापरा, तो कसा चालतो ते वाचा, बदला, बदललेला इतरांना द्या, आणि देताना हे चारही हक्क त्यांच्याकडेही जाऊ द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेले गावठी बियाणे जसे पेरता येते, पुन्हा धरता येते आणि शेजारणीला देता येते, तसा हा परवाना आहे. त्यावर काम करून पैसे घ्यायला त्यात मनाई नाही. गावातल्या होतकरू मुलासाठी हा मुद्दा फार मोठा होता. सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नव्हते आणि चोरलेल्या प्रतीवर धंदा उभा करणे अप्रतिष्ठेचे होते. इथे पहिल्या दिवसापासून काम कायदेशीर होते.

मराठीने सीएमएसचा पहिला मोठा कस पाहिला तो मात्र महाराष्ट्रापासून लांब. १९९६च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत 'मायबोली' सुरू केले. परदेशातल्या मराठी कुटुंबांचे ते ठिकाण झाले आणि पुढे ड्रुपलवर गेले. २००४ मध्ये 'मनोगत' ड्रुपलवरच सुरू झाले, युनिकोड मराठीत, आणि मराठी शुद्धलेखन तपासण्याची सोय त्याने आपल्या चौकटीत बसवली. २००७ मध्ये 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' आले, २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. सारी ड्रुपलवर. या पानांच्या पत्त्यात 'नोड' हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा दिसतो. ड्रुपलमध्ये प्रत्येक लेख म्हणजे एक नोड, त्यामुळे पत्ता वाचूनच जाणकाराला आतले यंत्र ओळखू येई.

ही सगळी ठिकाणे हौसेने, नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवलेली. ड्रुपल त्या काळात सोपे नव्हते. पण त्याचा कोड वाचून त्यात मराठी टंकलेखनाची पेटी घालता येत होती. 'गमभन'सारखी, रोमन कळा दाबून देवनागरी उमटवणारी साधने याच काळात तयार झाली आणि एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर गेली. सायबर कॅफेत बसलेल्या नगरच्या वाचकाला आता फॉन्ट उतरवून घ्यावा लागत नव्हता आणि इन्स्क्रिप्टची कळफलकरचनाही पाठ असण्याची गरज नव्हती. मराठीत वाचणारा इथे मराठीत लिहूही लागला, आणि लिहिणाऱ्यांतल्या काहींना आतल्या कोडाविषयी कुतूहल वाटू लागले. मराठी वेबच्या इतिहासात या रात्रपाळीच्या कामाला अजून हवी तशी जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

वर्डप्रेसची वाट निराळी होती. ते बसवणे सोपे, पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत मराठी मजकूर डेटाबेसमध्ये जाताना बिघडण्याचा धोका असे. मायएसक्यूएल मूळ ठेवणीनुसार पश्चिम युरोपीय अक्षरसंच धरून चाले. साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली, की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा लागत. अक्षरसंच ठरवण्याची सोय २००७च्या २.२ आवृत्तीपासून थेट 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये आली. तोवर ज्यांनी ही प्रश्नचिन्हे निस्तरली, ते डेटाबेस म्हणजे काय, बाइट म्हणजे काय, अक्षर आणि त्याचा आकडा यांत फरक काय, हे सारे शिकून बसले. इंग्रजी साइट करणाऱ्याला जे वर्षानुवर्षे कळत नाही, ते मराठी साइट करणाऱ्याला पहिल्या महिन्यात कळे.

आता त्या काळातला जिल्हा. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन जीवघेणे होते. दिवसातले कित्येक तास वीज नसे. ब्रॉडबँड तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचत होते, वाड्यावस्त्यांवर नव्हते. अशा ठिकाणी वेब शिकायचे कसे? याचे उत्तर 'झॅम्प' नावाच्या एका मुक्त पॅकेजने दिले. त्यात अपाची सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र येतात. ते संगणकावर बसवले की इंटरनेटशिवाय, 'लोकलहोस्ट'वर अख्खे संकेतस्थळ उभे राहते. वर्डप्रेसची झिप फाइल काही मेगाबाइटांची. संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींतून आणि मित्राच्या पेन ड्राइव्हवरून हे सगळे घरी येई. वीज असेल तेवढ्या वेळात थीमच्या, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या, फायली उघडायच्या, एक ओळ बदलायची, पान पुन्हा ताजे करायचे, मोडले तर ओळ परत जागेवर ठेवायची. मुक्त स्रोताचे खरे शिक्षण ते हेच.

औपचारिक शिक्षण शेजारून चालले होते. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीची केंद्रे गावोगाव निघाली. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि टायपिंगच्या माडीवरची गर्दी तिकडे वळली. त्यात इंटरनेटची ओळख होती, वेब बांधणे नव्हते. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासूनची. साखर कारखान्यांच्या सहकारी चळवळीतून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांनी ती काढली. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, आणि शेतकऱ्याच्या पोराला इंजिनिअर करण्याची वाट त्याच परिसरातून निघाली. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात पीएचपी आली, त्यामुळे नगरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना वर्डप्रेसचा कोड अगदीच परका राहिला नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले. त्यांतले कित्येक मराठी निवेदनासह आले. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात आपले काम, अशी त्यांची रीत. क्लाससाठी पुण्याला खोली घेऊन राहणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ही रीत आधाराची ठरली.

शिकलेल्यांना काम कुठून मिळाले, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पारनेर तालुक्यात सापडतो. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी चालवलेले आंदोलन आणि २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर केलेले उपोषण महाराष्ट्राला आठवत असेल. राज्याचा कायदा त्यातून अमलात आला आणि केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. या कायद्याचे कलम ४ सांगते की सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती नागरिकाने मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करावी, इंटरनेटवरूनही. 'सतरा मुद्द्यांची माहिती' हा शब्दप्रयोग कचेऱ्यांत तेव्हापासून रुळला. अधिकाऱ्यांची नावे, अर्थसंकल्प, कामकाजाची पद्धत, अनुदानाचे लाभार्थी अशी माहिती वेळोवेळी अद्ययावत करायची म्हणजे हाताने लिहिलेली एचटीएमएलची पाने पुरेनात. प्रत्येक बदलासाठी प्रोग्रामरला बोलावणे कोणत्या नगरपालिकेला परवडणार? सीएमएसमध्ये कारकून स्वतः लॉगइन करून फाइल चढवू शकतो. नॅक मूल्यांकनासाठी महाविद्यालयांनाही ढीगभर कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवावी लागू लागली आणि हीच गरज तिथेही उभी राहिली.

मागणी अशी तयार झाली: कॉलेजे, पतसंस्था, देवस्थाने, दवाखाने, कृषी पर्यटन केंद्रे. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतले 'तंत्रस्नेही शिक्षक' पुढे आले. त्यांनी वर्गासाठी आपापली संकेतस्थळे उभारली, कविता, चाचण्या, शासन निर्णय एकत्र ठेवले. शिक्षकाने स्वतःच्या खिशातून डोमेन घ्यावे, रात्री बसून थीम लावावी आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाला फोनवर तीच विद्या सांगावी, हे राज्यभर घडले. प्रशिक्षणावर मोठा खर्च करूनही जे साधत नाही, ते या देवाणघेवाणीने साधले.

जमेच्या बाजूइतकीच उणीवही सांगायला हवी. पुष्कळांनी सीएमएस शिकले म्हणजे थीम लावायला शिकले, तेवढेच. विकतच्या थीमच्या चोरट्या प्रती इंटरनेटवरून फुकट उतरवायच्या, त्यांना धंद्यात 'नल्ड' म्हणतात, आणि ग्राहकाच्या साइटवर बसवायच्या, ही वाईट सवय छोट्या गावांतच काय, शहरांतही पसरली. अशा प्रतींत बहुधा कुणीतरी घुसवलेला कोड असतो आणि मग शाळेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती उगवतात. साइट एकदा करून दिली, पैसे घेतले, की पुढे तिचे अपडेट कुणी करत नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिची दुरुस्ती ज्यांनी सात तासांच्या आत बसवली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली असे समजूनच चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला सांगावे लागले. सात तास! वर्षानुवर्षे हात न लागलेल्या साइटचे काय होत असेल, ते यावरून कळावे. एनआयसीने शासकीय संकेतस्थळे एका सामाईक चौकटीत आणली त्याचे महत्त्व इथे आहे. दुरुस्ती एका ठिकाणी झाली की ती सगळ्यांना मिळते, प्रत्येक कचेरीला वेगळा जाणकार शोधावा लागत नाही.

विद्याही बदलत गेली. २०१५च्या शेवटी मुलेनवेग यांनी वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांना जावास्क्रिप्ट खोलवर शिकायला सांगितले. त्याचा अर्थ ६ डिसेंबर २०१८ रोजी सगळ्यांना कळला. ५.० आवृत्तीबरोबर 'गुटेनबर्ग' हा नवा संपादक आला, मजकूर ठोकळ्यांत बांधला जाऊ लागला आणि क्लासमधल्या जुन्या टिपणांची बरीच पाने एका दिवसात शिळी झाली. पीएचपीच्या जोरावर ज्यांचे चालले होते, त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. ज्यांनी थीमच्या पलीकडे जाऊन कोड वाचला होता ते तरले. बाकीच्यांना ते जड गेले.

या मंडळींना एकमेकांना भेटण्याच्या जागाही तयार झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये आशियातले पहिले ड्रुपलकॉन मुंबईच्या आयआयटीत भरले आणि ड्रिस बायटार्ट स्वतः तिथे बोलले. वर्डप्रेसचे मेळावे, म्हणजे वर्डकॅम्प, मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर असे राज्यात फिरले, आणि २०२६च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी मुंबईची निवड झाली. नगरच्या मुलाला पुणे आणि नाशिक दोन्ही जवळचे. सकाळची एसटी धरून संध्याकाळी परत येता येते. तिथे भाषणांपेक्षा 'कॉन्ट्रिब्युटर डे' मोलाचा. त्या दिवशी नवखा माणूस टेबलाशी बसतो आणि कुणीतरी त्याला अनुवाद करायला, चूक नोंदवायला किंवा कोड दुरुस्त करायला हाताला धरून शिकवतो. वर्डप्रेसचा मराठी अनुवाद अशाच स्वयंसेवकांनी केला आहे. ओळी सर्वांसाठी खुल्या असतात. कुणीही पर्याय सुचवावा, संपादकाने तपासून तो घ्यावा, अशी पद्धत आहे.

मराठीची कामे मात्र संपलेली नाहीत. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप तयार होतो आणि त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजीत दोनशे चिन्हे भरपूर होतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, पायमोड हे तीन-तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एकेकाला नऊ चिन्हे. 'अहिल्यानगर' या शब्दातच अशा दहा खुणा आहेत. नव्वद चिन्हे तिथेच गेली. 'अहिल्यानगर जिल्हा परिषद' एवढे लिहिले की जोडरेघांसह १९१ होतात आणि पुढच्या शब्दाचे पहिले अक्षरही बसत नाही. शीर्षक कितीही लांब असो, पत्ता तिथेच तुटतो. म्हणून बहुतेक जण पत्ता रोमनमध्ये लिहून मोकळे होतात आणि मराठी पान इंग्रजी पत्त्यावर राहते. ही मर्यादा वर्डप्रेसच्या 'फॉरमॅटिंग' नावाच्या पीएचपी फाइलमध्ये आणि डेटाबेसच्या एका रकान्यात लिहिलेली आहे. फाइल प्रत्येक प्रतीबरोबर येते, अकोल्यातल्या संगणकावरही आणि जामखेडमधल्याही, आणि तिच्यात बदल सुचवायचा तर वर्डप्रेसच्या 'ट्रॅक' या नोंदवहीत कुणालाही खाते उघडता येते.